ऑर्फामावशीचा वॉल्ट्झ

हसायचं तर हसा, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. मी स्वतः गिटार घेऊन तिथं बसले होते.

वेस्ट व्हर्जिनिया. एल्क नदीकाठची जत्रा. गेल्या ऑगस्टचा दुसरा शनिवार.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

माझा धाकटा भाऊ क्लेल स्पर्धेत फिडलवर, म्हणजे आमच्याकडच्या व्हायोलिनवर, वॉल्ट्झची धून वाजवणार होता. वॉल्ट्झ आमच्या शेजारच्या ऑर्फामावशीचा. लहानपणीच गेलेल्या लेकीसाठी तिनं तो रचला होता. मार्चमध्ये मरताना तिनं क्लेलला आपलं फिडलही दिलं. त्याच्या आत, आमच्या डोंगरातल्या रिवाजाप्रमाणे, रॅटलस्नेक सापाच्या शेपटीचा खुळखुळा.

"वाजव खुशाल," ती म्हणाली होती. "पण आधी माझं नाव घ्यायचं. नाही घेतलंस तर बघ, मेल्या!"

धून कुणाकडून आली, ते सांगूनच आमच्याकडे वाजवतात.

पण परीक्षकांना घराण्याचा वारसा लागतो. म्हणून मीच म्हटलं, "आजोबांची आहे म्हणून सांग. मावशी काय उठून येतेय भांडायला?"

"पक्की डांबिस आहेस, लोटे!" क्लेल हसला.

आणि माइकवर म्हणाला, "ही माझ्या आजोबांची धून."

खुळखुळ...

फिडल त्याच्या मांडीवर होतं. जरासुद्धा हललं नव्हतं.

तो वाजवू लागला. माझ्या खुर्चीमागे कुणीतरी टाचेनं ठेका धरला. धप्... धप्... ऑर्फामावशी असाच धरायची. मी वळून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

पहिलं बक्षीस मिळालं. क्लेल मात्र पांढराफटक पडला होता. तो पुन्हा माइककडे धावला. "खरं सांगतो, ही धून..."

तोंड उघडं. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. शब्द नाही.

"लोटे, तिचं नाव काय गं?"

"ऑर्फा! ऑर्फामावशी!"

"मोठ्यानं बोल ना. नुसते ओठ हलतायत तुझे."

मी ओरडले. अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. त्याला नाही.

त्या दिवसापासून त्यानं फिडलला हात लावलेला नाही. ते भिंतीवर टांगलेलं असतं.

मला वाटलं, एवढ्यावर भागलं. पण थाप तर माझी होती ना!

परवा सकाळी क्लेल पोर्चवर उभा होता. मला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं...

घरातून, भिंतीवरून, खुळखुळ...

"अगं... ए..." तो घाबरून माझ्याकडे बघू लागला. "तुझं नाव काय गं?"

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. घसा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं.

तो नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला.