नवऱ्याच्या नावाची जागा

विलास म्हात्रेला वायरींचा मनस्वी तिटकारा होता. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत तो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. आठ तासांची शिफ्ट वायरींच्या जंजाळात जायची, मग घरी तरी त्या पायात येऊ नयेत एवढीच त्याची अपेक्षा. नव्याण्णव साल सरत आलं होतं. त्याने सुटे भाग जमवून काँप्युटर जोडला आणि टेपरेकॉर्डर त्याला लावून घरातल्या साऱ्या कॅसेटी एकेक करून आत भरल्या. भजनं, नाट्यगीतं, नाखव्यांची गाणी, सगळं.

पण काँप्युटर पुढच्या खोलीत आणि नंदा मागच्या. ती तिथून उठतच नव्हती. त्यांची एकुलती एक लेक भूमिका साखरपुडा झाल्यावर काविळीने गेली, तेव्हापासून नंदा भिंतीकडे तोंड करून बसायची. जेव म्हटलं तर दोन घास गिळायची, बोल म्हटलं तर हुं म्हणायची. बायको डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि विलासला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

म्हणून त्याने एक बोर्ड बनवला. काडेपेटीएवढा, हातभर तारेचा एरियल असलेला. काँप्युटरचं गाणं त्यात घातलं की घरातल्या कुठल्याही रेडिओवर, जिथे एकही स्टेशन लागत नाही अशा ठिकाणी काटा नेला की, तेच गाणं वाजायचं. स्वयंपाकघरात एक रेडिओ, ओटीवर एक, मागच्या खोलीत एक. गाण्याच्या मागे मागे तरी नंदा बाहेर येईल, असा त्याचा भाबडा हिशेब. खूळच ते, पण माणूस बुडायला लागला की काय काय धरतो!

नंदाला एकच गाणं हवं होतं. भूमिकेच्या लग्नाचा धवला, लग्न लावताना गातात तो.

नंदाचं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. तिथे लग्न लागायचं ते धवले गाणाऱ्या धवलारणीच्या तोंडून. त्यांची धवलारीण गोदूबाई आता पेणमध्ये मुलाकडे राहायची. गणपतीच्या कारखान्याला लागून घर, अंगणात शाडूचा वास. भूमिकेच्या लग्नात तीच गाणार होती. विलास टेपरेकॉर्डर घेऊन नंदासह तिच्या अंगणात बसला, तेव्हा म्हातारीने डोळे मिटून विचारलं, "नवरीचं नाव?"

"भूमिका," नंदा म्हणाली.

"नं नवऱ्याचं?"

साखरपुडा झाला होता त्या निडीच्या धनेशचं नाव आता कुठल्या तोंडाने घ्यायचं? विलासने घाईने म्हटलं, "ते सोडा. तेवढी जागा मोकळी ठेवा."

"मोकळी ठेवायची नसते रं. नाव नाय तर रुईचं नाव घेऊ. झाडाचं चालतं."

"गोदूबाय, टेप फिरतेय. पुढं गा."

मग म्हातारी गायली. भूमिकेचं नाव आलं की पुढे एक श्वास थांबायची आणि ओळ पुरी करायची.

रेडिओवर तो धवला लागला त्या दिवशी नंदा रडली. दुसऱ्या दिवशी तिने केस विंचरले. आठवड्याभरात ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहू लागली. विलास कंपनीतून परतताना चक्क शीळ घालायचा.

मग एका दुपारी, ओटीवर चहा पिता पिता, त्याच्या लक्षात आलं की ती मोकळी जागा लांबलीय. गोदूबाईचा श्वास संपला तरी ओळ सुरू होत नव्हती. त्या जागेत कुणाचे तरी ओठ उघडल्याचा आवाज आला. एवढाच.

कुठलीतरी खरखर शिरली असेल. त्याने हेडफोन लावून काँप्युटरवर तपासलं. तिथे श्वास तेवढाच, पडद्यावरची आवाजाची रेघही सपाट. बोर्डाचे सोल्डरिंगचे सगळे टाके त्याने पुन्हा तपासले, तेही पक्के होते.

रेडिओवर मात्र दिवसागणिक त्या जागेत काहीतरी जमत गेलं. आधी नुसता 'ध'. बोलू की नको, असा. गोदूबाईच्या घोगऱ्या गळ्यातला नव्हेच.

"लाजतेय," नंदा आतून म्हणाली. "घेईल हळूहळू."

विलासने कपबशी खाली ठेवली.

आणि एके दिवशी तिन्ही खोल्यांत ते नाव एकदम आलं. चारचौघांत पहिल्यांदा नाव घेणाऱ्या मुलीच्या हलक्या आवाजात.

"धनेश."

तो आवाज बाप विसरेल होय? त्याच संध्याकाळी धनेशच्या चुलत्याने, मारुतीने, निडीहून लग्नपत्रिका आणून दिली. धनेशचं ठरलं होतं. दुसऱ्या मुलीशी. "राग नका मानू," मारुती खाली बघत म्हणाला. "प्वाराला जन्मभर बसवून कसं ठेवायचं?"

विलासने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीने पेण गाठलं. गोदूबाईने सगळं ऐकून घेतलं. "धवला नवऱ्याबिगर ऱ्हात नाय," ती म्हणाली. "कुनीतरी त्यात येतंच. आता नाव पडलंय, तर नवरी त्याला न्यायला येनार. मी परत गाते रुईचं नाव घेऊन. पन नाव आईनं सांगाय पायजे. तिला घेऊन ये."

नंदा ऐकेना. "माझ्या लेकीचं झाडाशी लगीन लावायचं? तिला काय कमी हाय वो?"

"अगं, त्या पोराचा जीव जाईल!"

"आन् माझ्या पोरीचा गेला तो?"

गाणं पुसून टाकायचं, एवढंच विलासच्या हातात उरलं होतं. धनेशच्या हळदीच्या आदल्या दिवशी तो काँप्युटरपुढे बसला. बोट बटणावर ठेवलं, तोच स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज आला. नंदा भाकऱ्या थापत होती. कित्येक महिन्यांनी! "गरम गरम वाढू का?" तिने विचारलं आणि हसली.

विलासने बोट उचललं. उद्या पुसू, तो मनात म्हणाला. एक दिवसाने काय होतंय? दोघं समोरासमोर बसून जेवली. मागे रेडिओ गात होता.

हळदीच्या दिवशी दुपारी मात्र त्याने मन घट्ट केलं. फाइल पुसली. मूळ कॅसेटची फीत ओढून चुलीत घातली. बोर्डाची तार तोडली.

धवला चालूच होता.

त्याने स्वयंपाकघरातला रेडिओ उचलला, सेल काढले. गाणं थांबलं नाही. ओटीवरच्या रेडिओचेही काढले. सेल त्याच्या मुठीत होते आणि गाणं खोलीत.

फाटक वाजलं.

धनेश उभा होता. अंगभर ओली हळद, कपाळाला मुंडावळ्या, अनवाणी पाय. हळद लागलेल्या नवऱ्याला कुणी उंबऱ्याबाहेर एकटं पाठवत नाही.

"अरे, एकटा कसा आलास तू?"

"बोलावलं ना," धनेश म्हणाला. त्याची नजर विलासच्या मागे होती. तो ओटी ओलांडून सरळ मागच्या खोलीत गेला. तिथे नंदाने शेजारी शेजारी दोन पाट मांडले होते. धनेश उजव्या पाटावर बसला आणि दुसऱ्या पाटाकडे बघून किंचित सरकला.

विलास धावत सुटला. नाक्यावरच्या बूथवरून त्याने निडीला फोन लावला.

"मारुतीभाऊ, लवकर या! धनेश आमच्याकडं आलाय."

पलीकडे बायकांचा गलका होता.

"काय बोलता?" मारुतीचा आवाज कापत होता. "धनेश हितंच पाटावर हाय. हळद लावता लावता डोळं मिटलं त्यानं. हाका मारतोय, उठतच नाय. डाक्टरला आनाय गेलेत..."

विलास रिसीव्हर तसाच टाकून घराकडे पळाला.

तो परत आला तेव्हा घर शांत होतं. तिन्ही रेडिओ मुके. मागच्या खोलीत नंदा एकटीच होती, भिंतीकडे तोंड करून. पहिल्यासारखी.

"नंदा."

"लागलं लगीन," ती म्हणाली. "गेली सासरी. आता कशाला गानं नं कशाला भाकरी?"

विलास भिंतीला टेकून खाली बसला. काल एकदा बटण दाबलं असतं तर. एकच दिवस त्याला बायको हवी होती. धनेश जिवानिशी गेला, आणि बायकोही राहिली नाही.

पाट रिकामे होते. दोन्हींवर हळद होती, अजून ओली. तिथून दारापर्यंत फरशीवर पिवळी पावलं उमटली होती. मोठी पावलं धनेशची. त्यांच्या बरोबरीने लहान पावलांची एक ओळ चालत गेली होती. भूमिकेचा डावा अंगठा जरा आत वळलेला होता, तसाच तो उमटला होता.

आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, प्रत्येक पावलात, नव्या जोडव्याचा गोल ठसा होता.