बत्तीस नंबरची पहिली फोड

"हे कोणाच्या बापाले पटणार नाही, म्हणूनच सांगून राह्यलो," असं म्हटल्याशिवाय उकंडानं आयुष्यात एकही गोष्ट सुरू केली नाही. त्याच्या गोष्टींत वाघाडीच्या पुरात वाहून गेलेला बैल तिसऱ्या दिवशी आपल्या पायानं गोठ्यात येई. मारेगावच्या एका माणसाची सासू कापसाच्या गंजीत हरवे आणि पुढच्या हंगामात थेट जिनिंगमध्ये निघे, तीही लोकाच्या कापसातून. घाटंजीत लोक त्याला फेकू म्हणत आणि वरून चहा पाजत. साठीला टेकलेल्या माणसाला याहून जास्त इज्जत कायले पाहिजे, असं तो स्वतःच म्हणे.

बाजाराच्या दिवशी दुपारी चौघं जण एसटी स्टँडसमोर बबनरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात जमत. त्या दुकानात एकेकाळी झेरॉक्सच्या मशीनऐवजी एक सुतळी होती, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर कॉमिक लटकायची, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. बबनराव ती भाड्यानं देत. आता ते ऐंशीला आले होते. कानाचं यंत्र सेल संपू नये म्हणून काउंटरवर काढून ठेवत आणि सगळ्यांशी ओरडून बोलत.

दुसरा उकंडा. तिसरा तांड्यावरचा प्रेमसिंग, त्रेपन्न वर्षांचा, कापूस-सोयाबीनवाला, बोलायला सरळ आणि भांडायला चिवट. चौथा अश्वजित, हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. वयानं या सगळ्यांच्या पोराएवढा, पण बापाच्या ट्रंकेत कप्तान काजळचे अंक सापडल्यापासून पुरता नादावलेला. त्यानं एक दोनशे पानी वही केली होती. तिच्यात एका अंकाचा दुसऱ्याशी कुठे मेळ बसत नाही, ते सगळं लिहिलेलं.

कप्तान काजळ म्हणजे काळा मुखवटा, काळा अंगरखा आणि सावलीत विरघळायची विद्या. नागपूरच्या कुठल्याशा छापखान्यानं त्याचे एकोणपन्नास अंक काढले आणि छापखाना बुडाला. भांडण मात्र बुडालं नाही.

"एकतीसमधी कप्तान धरणाच्या भिंतीवरून पडला," प्रेमसिंग बोटांवर मोजत म्हणाला. "मेला. उजव्या गालावर वार. तेहतीसमधी तोच बसून भजे खाऊन राह्यला, आणि वार डाव्या गालावर!"

"काका, छपाईत निगेटिव्ह उलटी लागली असणार," अश्वजित म्हणाला.

"मंग सदऱ्याचा खिसा काहून उलटा नाही झाला? निगेटिव्ह फक्त गालापुरती उलटी होते का गा?"

अश्वजितनं वही उघडली, खिशाचं पाहिलं आणि ती मिटली.

"तेहतीसमधला तो कप्तानच नाही," प्रेमसिंग म्हणाला. "दुसराच कोणी मुखवटा घालून बसला. मेलेला माणूस असा वापस येत नाही."

"बत्तीस सापडल्याबिगर हे मिटत नाही!" बबनराव ओरडले.



त्या अंकाची एकच प्रत आली होती, त्र्याऐंशीच्या मे महिन्यात. छापखान्यातून अंक येत तेव्हा मधली पानं वरच्या कडेला जोडलेली असत. पट्टी घालून ती फोडावी लागत. पहिल्यांदा अंक नेणाऱ्याचा तो मान, पहिली फोड. तिच्यासाठी पोरं सकाळी सातपासून दुकानापुढे भांडत. बत्तीसची पहिली फोड प्रेमसिंगच्या मोठ्या भावाला मिळाली, रूपसिंगला. सतरा वर्षांचा होता. कवड्या शिवलेल्या पिशवीत अंक घालून तो सायकलनं निघाला. दुसऱ्या दिवशी वाघाडीच्या डोहात सापडला. काठावर सायकल होती, चपला होत्या. पिशवी मिळाली नाही.

त्याची आई हंसाबाई, तांड्याच्या बोलीत याडी, पुढे तेवीस वर्षं जगली. भेटेल त्याला एकच विचारायची, माझा रूपू एकटा होता का? रूपसिंगचा जिगरी दोस्त उकंडा, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त वेळा विचारलं. "याडी, मी त सकाळच्या गाडीनं नेरले मावशीकडे गेलतो," तो दर वेळी म्हणे. आणि ती दर वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवी. प्रेमसिंगनं त्याला मोठ्या भावाच्या जागी मानलं. दिवाळीचं पहिलं ताट तांड्यावर उकंडाचं असे. एकेचाळीस वर्षं झाली.

उकंडाचा दावा असा, की त्याच दिवशी नेरच्या एका सलूनात त्यानं बत्तीस नंबर वाचला होता. ही त्याची सगळ्यांत जुनी थाप. सुरुवात दर वेळी बदले, शेवट बदले. मधली चार पानं तेवढी कधी बदलत नसत. कप्तान आणि त्याचा दोस्त भर दुपारी डोहाकाठी बसले आहेत. पाण्यातून कोणीतरी कप्तानला हाक मारतं. कप्तान तोंड मिटून बसतो. दोस्त हसतो आणि थट्टेनं त्याच्याऐवजी ओ देतो. मग उठतो आणि ओळखीच्या माणसाकडे जावं तसा पाण्यात चालत जातो. कप्तान ओरडत नाही. दोस्ताची वस्तू उचलतो आणि निघून जातो.

गेल्या पोळ्याला अश्वजितनं हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं होतं. खाली अठ्ठावीस जणांनी हसरे चेहरे लावले होते.

"उकंडाभाऊची गोष्ट मले पटते," प्रेमसिंग आताही म्हणाला. "मंग तेहतीसमधला कप्तान म्हणजे लोकाच्या वाट्याचं खाऊन जगून राह्यलेला माणूस. त्याचा गाल बदलनच."

उकंडा हसला. त्याचा चहा थंड झाला होता.

"तर मग," अश्वजित म्हणाला आणि पाठीवरची बॅग पुढे घेतली. आल्यापासून तो काहीतरी दाबून बसल्यासारखा दिसत होता. "परवा नेरच्या रद्दीवाल्याचा फोन आला. कोणा म्हातारीचं बंद घर पोरानं विकलं. माळा रिकामा केला, त्यात हे निघालं."

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून अंक काढून काउंटरवर ठेवला.

काळ्या पाठीवर पांढरा बत्तीस. कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं. पाठीला मोच्याच्या जाड दोऱ्याची आडवी शिवण.

बबनरावांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "माही शिवण आहे," ते म्हणाले. पहिल्यांदाच ओरडले नाहीत. "माहीच प्रत आहे ही."

उकंडानं अंक केव्हाच ओळखला होता. त्या संध्याकाळी नेरला उतरल्यावर मावशीच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीमागे, त्यानंच तो सारला होता. पिशवी त्याआधी यवतमाळच्या अलीकडे चालत्या गाडीच्या खिडकीतून टाकली होती. अंक टाकवला नव्हता. आणि फोडवलाही नव्हता.

"मधली पानं जोडलेलीच आहेत," अश्वजित उजेडात धरून म्हणाला. "कोणी वाचलाच नाही हा."

उकंडाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आत काहीही असो, त्याच्या गोष्टीसारखं नसणार. डोहाची गोष्ट कोणत्या छापखान्यातून आली होती ते त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आता सगळे हसतील, उकंडानं फेकली म्हणतील. फेकणं हा काही गुन्हा नाही.

"पहिली फोड रूपसिंगची होती," बबनराव म्हणाले. "प्रेमसिंग, तू फोड."

प्रेमसिंगनं काउंटरवरची स्टीलची पट्टी घेतली. सदऱ्याला पुसली. पानांच्या बेचक्यात घालून हळूहळू ओढली. बाहेर बाजार भरात होता. कांद्याच्या ढिगाशी कोणीतरी भावावरून घासाघीस करत होतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, ऊन कोरडं होतं, आणि फाटणाऱ्या कागदातून ओल्या शेवाळाचा वास आला. बबनरावांनी नाक वर केलं. शिवणीचा दोरा ओला झाला होता.

पहिलं चित्र डोहाचं. काठावर उंबर. उंबराला टेकलेली सायकल.

अश्वजितनं उकंडाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर कौतुक होतं. "काका! म्हणजे खरंच वाचला होता तुम्ही. दुसरी प्रत होती नेरला."

"मंग? सांगत नव्हतो का," उकंडा म्हणाला. त्याला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

दुसरं चित्र. मुखवटा काढून बसलेला कप्तान, पाठमोरा. शेजारी त्याचा दोस्त, केस तेल लावून मागे वळवलेले. तिसरं चित्र. पाण्यातून निघालेला बोलण्याचा फुगा. आत अक्षर नाही, नुसता पांढरा. चौथ्या चित्रात कप्तानचे मिटलेले ओठ.

उकंडाला ते ओठ आतून माहीत होते. त्याच्या आधीची दोन भावंडं बाळपणातच गेली, म्हणून आईनं त्याला जन्मताच उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं. घाणीत टाकलेलं पोर कोणी नेत नाही. वर एक शिकवण दिली. भर दुपारी पाण्याकडून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ओठ दाबून धरायचे. त्या दिवशी डोहातून त्याचंच नाव आलं होतं, स्पष्ट, ओळखीच्या माणसानं घ्यावं तसं. त्यानं ओठ दाबले. रूपसिंग हसला होता, "अबे, तुले बोलावून राह्यले ना!" आणि पाण्याकडे तोंड करून ओ दिली होती.

अश्वजित एकेका पानाचा फोनवर फोटो काढत होता. काढता काढता वहीत लिहीतही होता, सवयीनं, मोठ्यानं बोलत.

"दोस्ताच्या खांद्याला पिशवी. मागच्या कुठल्याच अंकात ही नाही. तिच्यावर कवड्या... एक, दोन... आठ."

"सात," उकंडा म्हणाला. "आठवी कवडी नाही. चितारणारा चुकला. त्या जागी सदऱ्याचं बटन होतं."

चाळीस वर्षांची खोड ती. कोणाची चूक दिसली की जीभ आधी चाले.

पट्टी काउंटरवर टेकली.

"कोणतं बटन?" प्रेमसिंगनं विचारलं.

उकंडानं थंड झालेला चहा उचलला.

"माह्या सदऱ्याचं होतं ते," प्रेमसिंग सावकाश म्हणाला. "कवडी चुलीपाशी पडून फुटली. याडीनं माह्या सदऱ्याचं बटन काढून तिथं लावलं. मी रडलो. दिवसभर सदरा हातानं धरून हिंडलो." त्यानं उकंडाकडे पाहिलं. "त्याच दिवशी सकाळी लावलं, उकंडाभाऊ. पिशवी घेऊन तो निघाला, तो वापस आलाच नाही."

"आधी कधी पाह्यलं असन म्या..."

"आधी ते माह्या सदऱ्याले होतं."

"मी नेरले होतो, प्रेम्या. सकाळच्या गाडीनं. याडीले किती खेपा सांगतलं."

"काका," अश्वजित म्हणाला. तो पानावर वाकला होता. त्यानं बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

पिशवीच्या खालच्या ओळीत, शेवटच्या जागी, कवडी नव्हती. चार भोकांचं बटन होतं. भोकांतून जाणारा दोरासुद्धा काढलेला.

अश्वजितनं फोन उघडला. मघाचा फोटो मोठा केला. आठ कवड्या. त्यानं फोन पानाशेजारी ठेवला आणि हात मागे घेतला.

कोणीच पान उलटलं नाही. ते आपोआप उलटलं म्हणण्यापेक्षा, ओलं होऊन पडलं.

शेवटचं चित्र. पाण्यावर वलयं. आडवी पडलेली सायकल, हवेत मागचं चाक. पिशवी उचलून निघालेला कप्तान, आता तोंड आपल्याकडे. कोवळं पोर. मिसरूड नुकतं फुटलेलं.

त्याच्या मागे, पाण्यातून, पुन्हा तोच रिकामा फुगा.

वीज गेली. झेरॉक्सची घरघर थांबली. बाजार असतानाच बाजाराचा आवाज गेला.

"उकंडाऽऽ!"

हाक रस्त्याकडून नाही आली. खालून आली, काउंटरच्या पातळीवरून. सतरा वर्षांच्या पोराचा, हसरा आवाज.

बबनरावांनी मान वर केली. त्यांचं यंत्र काउंटरवरच पडलेलं होतं.

"कोण बोलावून राह्यलं?" ते म्हणाले. "ओ दे ना बे, उकंडा."

उकंडाचे ओठ मिटले होते. इतके, की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. ते सोडवायला त्याला वेळ लागला.

"कोण?" तो म्हणाला. "मले त काही ऐकू नाही आलं."

प्रेमसिंगनं पट्टी खाली ठेवली. एकेचाळीस वर्षांत तो उकंडाला भाऊ म्हटल्याशिवाय बोलला नव्हता.

"खोटं," तो म्हणाला. "तुले तवाही ऐकू आलतं."