शेवटच्या ओळीतलं नाव

चर्चमध्ये पेटी वाजवणारी ती, सराव अर्ध्यावर सोडून भर दुपारी घरी आली आणि थेट मुलीच्या उशाशी बसली. ताप हटायचं नाव घेत नव्हता. नवरा औषध आणायला गेला होता. आजाऱ्याच्या घरी लोक पाळकाला बोलावतात. तिचे तर वडीलच मंडळीचे पाळक, पण ते गेल्या महिन्यात वारले होते. आणि खरं सांगायचं तर याचं तिला आज हायसंच वाटत होतं.

पाळकबाबा मरणाऱ्याजवळ बसून त्याच्यासाठी गीत रचत. शेवटच्या ओळीत त्याचं नाव घालत. नाव पडलं की माणूस गेलाच. आधी लोक याला देवाची कृपा म्हणत. पुढे बाबा दिसले की दारं लावून घेऊ लागले. तरी गीतं सगळ्यांना तोंडपाठ! खुद्द बाबांना मात्र गीताविनाच पुरावं लागलं. रचणार कोण?

तिने कपाळावरची पट्टी बदलायला घेतली आणि तिचा हात थबकला. मुलगी डोळे मिटून गात होती. चाल नवी, पण ठेवण बाबांची. खोलीत त्यांच्या दमट लोकरी कोटाचा वास भरला होता.

"कुणी शिकवलं गं हे?"

"आजोबांनी... एकच ओळ राहिलीये."

तिने पोरीचं तोंड दाबलं आणि उरलेली ओळ स्वतःच गायली. नाव घातलं बाबांचं. ज्याचं गीत राहिलं होतं, त्याला देऊन टाकलं. आता तरी पिच्छा सुटेल, असं तिला वाटलं.

तळव्याखाली ओठ हलले. तिने हात काढला.

"आजोबा म्हणतात... गेलेल्याचं नाव चालत नाही. जिवंत माणसाचं घाल... नाहीतर मी घालतो."

"बाबा, नको हो... तुमची नात आहे ती."

मुलीने छाती भरून श्वास घेतला, शेवटच्या ओळीआधी गाणारे घेतात तसा. तेवढ्यात खालचं दार वाजलं. नवरा नेहमीसारखा पायऱ्या गाळत धावत वर येत होता. "मिळालं गं औषध!"

तिला स्वतःचं नाव घालायचं होतं. देवाशपथ, स्वतःचंच. तिने तोंड उघडलं, आणि नवऱ्याचं नाव बाहेर पडलं.

मुलीने डोळे उघडून पाणी मागितलं. अंग घामाने गार झालं होतं.

जिन्यावरून औषधाची बाटली खाली गडगडत गेली. पावलं मात्र वर येतच राहिली, आता एकेक पायरी, सावकाश.