कानातली सोनाबाई

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माणसांवरही मी पटकन ठेवत नाही. नळवाला म्हणाला 'वॉशर गेलाय', तर मी जुना वॉशर काढून हातात मागते. नवरा म्हणतो, तुझी जन्मरास शंका.

त्यामुळे हे रंगवून सांगितलंय असं ज्यांना वाटेल, त्यांनी खुशाल पुढे जावं. मी कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितेय.

शनिवार, २९ मार्च २०२५. अमावस्या. रात्रीचे पावणेदहा. पनवेलचं जुनं बंदर, खाडीकडचा मोडका धक्का.

पण सुरुवात त्याच्या दोन आठवडे आधीच झाली होती.

माझा नवरा हितेश दर शनिवारी एक वॉक घेतो. 'अंधारातलं पनवेल'. आठ ते दहा. खारघर, कामोठ्याची पंधरा-वीस माणसं येतात, कधी मुंबईचीही. तलावाची कड, बाजारामागचं बंद गोदाम, प्लेगात आजारी माणसं आणून ठेवायचे म्हणतात तो माळ, आणि शेवटी बंदर. प्लेग आला होता हे खरं. गोदामामागे वाजणाऱ्या टापा मात्र आमच्या जेवणाच्या टेबलावर जन्मल्या. "घोडा घेऊ की बैलगाडी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, घोडा घे.

आधी तो मोठ्यानं बोलायचा. मग गल्लीतल्या लोकांनी तक्रार केली. रात्री मेलेल्यांच्या गोष्टी काय ओरडत फिरता, आमची पोरं झोपत नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून हितेशनं मशीन आणली. त्याच्या कॉलरला माइक, प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटा डबा, त्याची वायर कानात. तो कुजबुजला तरी सगळ्यांना ऐकू जातं.

डबे वाटणं, परत घेणं आणि सगळ्यांच्या मागून चालणं हे माझं काम. लग्नाआधी मी सहा वर्षं कानाच्या मशीनच्या दुकानात होते. खरखर कशामुळे येते, दुसऱ्याचा आवाज कसा घुसतो, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

आणि एक. हितेशच्या स्वतःच्या कानात काही नसतं. तो फक्त बोलतो.

त्या दोन तासांत आमची पूर्वी, साडेचार वर्षांची, घरी आजोबांजवळ असायची. तुळशीराम आजोबा, हितेशचे आजोबा. वय चौऱ्याऐंशी, पण अजून स्वतःची बादली स्वतः उचलतात. पूर्वी पोटात असताना डॉक्टरांनी मला अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हा आजोबांनी पेज करून चमच्यानं भरवली मला. दोन महिने. माझ्या बापानं माझं कधी एवढं केलं नाही. या घरात मी डोळे झाकून विश्वास टाकला असेल, तर तो त्यांच्यावर.

बंदरावरची गोष्ट त्यांचीच. वॉकमधली हितेशनं न बनवलेली एकुलती एक.

सत्तरेक वर्षांपूर्वी आजोबा बारा-तेरा वर्षांचे होते. घरातली मोठी माणसं मिठागरावर गेली की चार वर्षांच्या बहिणीला, हौसाला, त्यांनी सांभाळायचं. एके दिवशी हौसा धक्क्यावरून पाण्यात गेली आणि मेली. आजोबांनी गावाला सांगितलं, शेजारच्या सोनाबाईनं ढकललं, मी डोळ्यांनी बघितलं. सोनाबाई विधवा, मूलबाळ नाही, मिठाच्या पाट्या वाहून जगणारी. गावानं तिचं ऐकूनही घेतलं नाही. झोपडी मोडली, तिला हाकलून दिलं. आठ दिवसांनी ती खाडीच्या चिखलात सापडली. तेव्हापासून म्हणे भरतीच्या वेळी ती धक्क्यावर फिरते.

शनिवारी आम्ही निघालो की आजोबा दारापर्यंत यायचे.

"सोनाबायचा सांगतंस ना रं? शेवटाला सांग. सगल्यांना कलू दे."

न चुकता, दर शनिवारी. मला त्याचं कौतुक वाटायचं.

१५ मार्चला आम्ही बंदरावर पोचलो. हितेश कुजबुजत होता, "आणि त्या क्षणी सोनाबाईनं त्या पोरीला..."

माझ्या कानात...

"नाय."

एका बाईचा आवाज. म्हातारा, घोगरा.

मी मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं, मीच शेवटची. पुढे सगळे गुपचूप उभे. हितेश बोलतच होता.

घरी आल्यावर मी त्याला धरलं. "रेकॉर्डिंग टाकलंस ना मध्ये? मला न विचारता?"

"कसलं रेकॉर्डिंग?"

"हितेश, मी मूर्ख नाहीये."

त्यानं पूर्वीची शपथ घेतली. तो पूर्वीची शपथ खोटी घेत नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेल्यावर मी त्याचा मोबाइल आणि माइक, दोन्ही तपासले. काही नव्हतं.

२२ तारखेला मी मुद्दाम कान देऊन उभी राहिले. पुन्हा तीच जागा, तेच वाक्य. आणि पुन्हा...

"नाय. मी नाय ढकलली."

दुसऱ्या कुणाचा माइक म्हणावा, तर रात्री त्या चिखलात दुसरा माइक आणणार कोण? आणि तो आवाज हितेशच्या वाक्यांच्या मधल्या जागेत बसत होता. त्याचं बोलणं ऐकून, थांबून, उत्तर दिल्यासारखा.

डबे परत घेताना रुमाना नावाची कॉलेजातली मुलगी थांबली. पनवेलचीच, पहिल्यांदा आली होती.

"दीदी, वॉक एकदम मस्त. पण वो आजी कोण? मध्ये मध्ये नाय नाय म्हणत होती. तुमची आर्टिस्ट आहे का?"

मला आधी काय वाटलं सांगू? की हितेशनं हिला पढवलंय.

मी हितेशला रुमानाचं सांगितलं, तर तो उलट माझ्याकडेच बघायला लागला. "डबे तुझ्या ताब्यात. मशीनची माहिती तुला. मागे तूच असतेस. दिपिका, तू तर नाही ना करत हे?"

त्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो. चहा देतानासुद्धा.

शेवटी २९ तारखेला ठरलं, सोक्षमोक्ष लावायचा. बंदरावर आजूबाजूला वस्ती नाही. तिथे हितेश माइक बंद करून उघड्या आवाजात गोष्ट सांगेल. त्यानं सगळ्यांसमोर माइक माझ्या हातात दिला. मी त्यातली बॅटरी काढली आणि मुठीत धरली. लोकांनी वायरी कानातून काढून गळ्यात सोडल्या.

माझी मात्र मी कानात ठेवली.

भरती चढत होती. पाणी धक्क्याच्या दगडांना लागत होतं. वारा नव्हता. हितेशनं सुरुवात केली. मिठागर, हौसा, सोनाबाई. कानात काही नाही. नुसती शांतता. मला हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला. म्हणजे हितेशचंच काम होतं तर!

तो त्या वाक्यापर्यंत आला. आणि तेवढ्यात...

माझ्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

"मी आली तवा पोर पान्यान व्हती. तुळशा धक्क्यावर उबा व्हता. त्याचं हात कोपरापोत ओलं व्हतं."

बॅटरी माझ्या मुठीत होती. बोटांत रुतत होती.

मी वायर ओढायला हात वर नेला, तर...

"तुजी पोर कोनाकरं हाय आता?"

पुढचं मला नीट आठवत नाही. हितेशच्या हातात माइक कोंबला आणि पळत सुटले, एवढं आठवतं. तो मागून हाका मारत होता. नाक्यावर रिक्षा मिळाली. पनवेलच्या पनवेलमध्ये दहा मिनिटं लागली असतील. मी आजोबांना सात वेळा फोन लावला. रिंग जात होती.

दार लोटलेलं होतं.

टीव्ही बंद. हॉलमध्ये कुणी नाही.

आतून पाण्याचा आवाज येत होता... मग तो थांबला.

आजोबा मोरीतून बाहेर आले. कडेवर पूर्वी. तिचे केस ओले, निथळत होते. ते आपल्या पंच्यानं तिचं डोकं पुसत होते.

त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

"डोक्यावर दूध सांडून घेतलान," ते म्हणाले. "तवा धुतली. तू येवरी लवकर कशी गो?"

मी पूर्वीला अक्षरशः ओढून घेतलं. तिच्या केसांचा वास घेतला. साबणाचा येत होता.

"आई, दूध सांडलं," पूर्वी म्हणाली.

मी काही विचारलं नव्हतं.

"दूध सांडलं," ती पुन्हा म्हणाली.

ओट्यावर दुधाचा पेला धुऊन पालथा घातलेला होता. फरशी पुसलेली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं पोरीचं डोकं धुतलं, पेला घासला, फरशी पुसली. घडू शकतं. आमचे आजोबा तसे टापटिपीचेच आहेत. मी स्वतःला हेच सांगत होते आणि त्या ओल्या बाह्यांकडे बघत होते.

त्या रात्रीपासून मी पूर्वीला त्यांच्याजवळ एकटी सोडली नाही. वॉकला जाणं बंद केलं. हितेशला एवढंच म्हटलं की मला ते आवाज सहन होत नाहीत. हातांचं बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? ज्या माणसानं मला पेज भरवली, त्याच्याबद्दल? हितेशला नाही, माझ्या आईला नाही, आज इथे लिहीपर्यंत मी ते कुणालाही सांगितलेलं नाही.

आजोबांच्या लक्षात आलंच. पूर्वी त्यांच्या खोलीकडे निघाली की मी हाक मारायचे. पंधरा दिवसांनी त्यांनी तिच्यासाठी आणलेला खाऊ पहिल्यांदाच माझ्या हातात दिला, तिच्या नाही. मला रडू आलं. मी मोरीत जाऊन रडले.

कारण मला कळत होतं मी काय करतेय. एका पोराच्या शब्दावर गावानं एका बाईचं घर मोडलं. आणि मी? कानातल्या एका आवाजावर एका म्हाताऱ्या माणसाला वाळीत टाकलं होतं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. कोण, हे मला आजही माहीत नाही. पाण्यात बुडणाऱ्या बहिणीला ओढून काढायला गेलेल्या पोराचे हातही कोपरापर्यंत भिजतातच की.

पण मग तो सोनाबाईचं नाव का घेईल?

मे महिन्यात मी पूर्वीला घेऊन आईकडे द्रोणागिरीला आले. सुट्टी म्हणून. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, तरी गेले नाही. इथल्याच बालवाडीत नाव घातलं. हितेश चिडतो, मग विनवतो. म्हणतो, आजोबा नीट जेवत नाहीत. वॉक चालूच आहे. सोनाबाईची गोष्टही चालू आहे. लोकांना तीच सगळ्यात आवडते.

परवा रात्री हितेशचा फोन आला. म्हणाला, आजोबांना तुझ्याशी बोलायचंय, मी गच्चीत जातो, घे.

फोन त्यांच्या हातात गेला. हितेशची पावलं लांब गेलेली ऐकू आली.

आधी नुसता श्वास.

मग...

"हात ओलं व्हतं, ता सांगितलान ना गो तिनं तुला?"



"खरा हाय ता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. थकवा होता. "व्हतं ओलं. पन कशापायी ओलं झालं, ता आता मनाच आठवत नाय, पोरी. लय आठवून बघितला."

मी फोन घट्ट धरून उभी होते. शेजारी पूर्वी झोपली होती, तोंडात अंगठा घालून. मी दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला.

पलीकडून त्यांनी नाक ओढलं. रडत होते की सर्दी होती, सांगता येत नाही. मग अगदी नेहमीच्या, प्रेमाच्या आवाजात त्यांनी विचारलं,

"पूर्वीला कवा आनतंस?"

मी फोन बंद केला.

आज पुन्हा शनिवार आहे. हितेशचा मेसेज आलाय, रविवारी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतो, आजोबाही बरोबर येणार म्हणतात. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही.