भिंत आणि खांबामधली फट

"परत तीच भिंत?" रेडिओने कपाळाला हात लावला. "एवढा मोठा कॅमेरा मिळालाय, आणि आपण रोज भिंतीचे फोटो काढायचे? ही सुट्टी आहे की शिक्षा?"

"शिक्षाच म्हण," डुलकी म्हणाली आणि तिने लांबलचक जांभई दिली.

डुलकीला हे नाव उगाच पडलं नव्हतं. वर्गात, जेवणाच्या ताटावर, केस विंचरताना, कुठेही तिचे डोळे मिटायचे. समोरच्या घरातली रेडिओ तिच्याच वर्गात होती, आणि तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. तिसरं शेपूट, म्हणजे डुलकीचा धाकटा भाऊ. या दोघी जातील तिथे तो मागे असायचाच.

कॅमेरा मामाचा होता. लग्नाचे फोटो काढून काढून मामाची कंबर कामातून गेली होती, आणि हंगाम संपला की तो भाचरांशी बोलायचा तेसुद्धा आडवं पडून. त्याने आपला जुना डीएसएलआर डुलकीच्या हातात दिला आणि वर एक अट घातली.

"आधी फक्त एकच जागा, एकच फ्रेम," तो म्हणाला होता. "रोज एकच गोष्ट बदलायची. कधी ॲपर्चर, कधी शटर, कधी आयएसओ. बाकी सगळं जिथल्या तिथे. म्हणजे कशाने काय होतं ते डोळ्यांना कळतं. पक्षी, फुलपाखरं आणि मैत्रिणी नंतर."

मग त्याने गॅलरीत ट्रायपॉड उभा करून दिला. तिन्ही पायांभोवती डुलकीने फरशीवर नेलपॉलिशने गोल काढले. लेन्सची झूमची कडी जागची हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली. गॅलरीतून खाली आईच्या पाळणाघराचं अंगण दिसायचं. मध्ये घसरगुंडी, डावीकडे वाळूचा हौद, आणि हौदाला लागून उंच भिंत. पलीकडच्या इमारतीचं पार्किंग वरच्या अंगाला होतं, त्याची माती या भिंतीने अडवून धरली होती. भिंतीच्या दूरच्या टोकाशी, अंगणाच्या बाजूला, दिव्याचा खांब. गॅलरी भिंतीच्या अगदी रेषेत असल्यामुळे भिंत आणि खांब यांच्यामध्ये आकाशाची एक उभी फट दिसायची. बस्स, एवढाच देखावा.

पाळणाघराला सुट्टी होती. सोमवारी ते पुन्हा उघडणार होतं. वर्षभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून आई इतकी थकली होती की दुपारी ती नुसती झोपायची नाही, तर झोपेत कण्हायची. डुलकीला ते ऐकवत नसे. म्हणून घरात सगळे दबक्या पावलांनी चालायचे, रेडिओसुद्धा.

शुक्रवारी दुपारी मामा आला, खुर्चीत बसला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो पाहू लागला. उजेड बरा आहे, फोकस बरा आहे, असं पुटपुटत तो एका फोटोवर थांबला.

"डुलके, ट्रायपॉडला धक्का मारलास."

"नाही मारला."

"हे बघ. पहिल्या फोटोत भिंत आणि खांबामध्ये बोटभर फट आहे. आजच्या फोटोत दोऱ्याएवढी उरलीय. फ्रेम हलली."

सगळ्यांनी शेपटाकडे पाहिलं.

"मी नाही," शेपूट रडवेला होऊन म्हणाला. "प्रत्येक वेळी मीच कसा?"

डुलकीने वाकून पाहिलं. ट्रायपॉडचे तिन्ही पाय गोलात होते. चिकटपट्टीही जागेवर होती.

"मग दुसरं काहीतरी हललं असेल," मामा कंबर धरून उठला. "कंटाळा आला की हात ढिला पडतो, माझाही पडतो. पहिल्यापासून सुरू कर."

पहिल्यापासून! डुलकीला रडूच आलं. मामा गेल्यावर ती गॅलरीत तशीच फरशीवर आडवी झाली. रेडिओ शेजारी बसून मामाच्या नावाने बोटं मोडत होती. डुलकीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पोटावर कॅमेरा ठेवून ती नुसती फोटो पुढे-मागे करायचं चाक फिरवत राहिली. पहिला फोटो, शेवटचा फोटो. पुन्हा पहिला, पुन्हा शेवटचा. मग सगळे भराभरा, एकामागून एक.

आणि ती उठून बसली. हे तिच्या बाबतीत इतकं क्वचित घडायचं की रेडिओ बोलायची थांबली.

"रेडिओ, घसरगुंडीकडे बघ. हलतेय?"

"नाही."

"खांब?"

"नाही. काय झालं काय तुला?"

"कॅमेरा हलला असता तर सगळंच हललं असतं," डुलकी म्हणाली. "आता भिंत बघ."

तिने चाक भरकन फिरवलं. चिमुकल्या पडद्यावर घसरगुंडी, खांब, हौदाचा काठ सगळं ठोकून बसवल्यासारखं स्थिर होतं. फक्त भिंत पोट पुढे काढत खांबाकडे, म्हणजे वाळूच्या हौदाकडे, सरकत होती.

"अगं बाई," रेडिओ म्हणाली. आणि तिने चपला पायात सरकवल्या.

तिघं वळसा घालून वरच्या पार्किंगमध्ये गेले. तिथे पाहायला फार शोधावं लागलं नाही. पार्किंगची जुनी फरशी उखडून नवी बसवली होती, आणि उखडलेला सगळा राडारोडा भिंतीला लागून ढिगाने टाकून दिला होता. शेजारी गाड्या धुवायचा नळ होता. त्याच्या पाइपातून झिरपणारं पाणी थेट ढिगाखाली जात होतं. शेपटाने मातीवर पाय ठेवला तर चप्पल रुतली.

"ए, काय चाललंय तिकडे?" त्या इमारतीचे मॅनेजर किल्ल्या वाजवत आले.

"काका, ही भिंत सरकतेय," डुलकी म्हणाली.

"भिंत म्हणजे काय सोफा आहे सरकायला? आत्ताच रंगवून घेतलीय."

"रंगवायच्या आधी तिला तडा होता का?" रेडिओने विचारलं.

मॅनेजरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "होता तो बुजवला. मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका. निघा."

परत येताना डुलकी जिन्यात मध्येच थांबली. आईला सांगायला हवं होतं. पण कसं सांगायचं? वर्षातून एकदा मिळणारी झोप, तीही संपत आलेली, आणि त्यात हे. थांबावं का एखादा दिवस? मामा म्हणतो तसं खरंच आपलंच काही चुकलं असेल तर? मग तिला वाळूचा हौद आठवला. पाळणाघरातली सगळ्यात लहान पोरं सकाळपासून तिथेच बसायची, भिंतीला पाठ लावून, कारण तिथे सावली असायची.

तिने आईला हलवून जागं केलं.

आई डोळे चोळत गॅलरीत आली. डुलकीने चाक फिरवून दाखवलं. आईने ते पाहिलं, पुन्हा फिरवायला लावलं, आणि मग ती खाली जाऊन हौदापासून लांब, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कपड्यांची दोरी बांधून आली. मामाला फोन लागला. मॅनेजरांनाही लागला, पण त्यांनी हात झटकले. पोरांचे खेळ आहेत, म्हणाले.

"उद्या पालक सामान ठेवायला येणारेत," आई फोनवर म्हणाली. "त्यांच्यासमोर येऊन सांगा."

शनिवारी मॅनेजर आले ते हसतहसत. "भिंत अगदी पक्की आहे. मुलांना खुशाल खेळू द्या," त्यांनी जाहीर केलं. पालकांचे चेहरे सैलावले. तेही बिचारे दमलेले होते, सोमवारी कामावर जायला हवं होतं, आणि पाळणाघर उघडलं नाही तर पोरांना ठेवायचं कुठे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. कुणालाच भिंतीवर शंका घ्यायची नव्हती. डुलकीने ते पाहिलं आणि रेडिओला कोपराने ढोसलं. रात्री तिघांनी एक बेत ठरवला होता. मामालाही सामील करून घेतलं होतं. दोरीपाशी उभं राहायचं आणि कुणालाही पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम होतं.

"काका," रेडिओ गोड आवाजात म्हणाली, "आमची मैत्रीण फोटो काढायला शिकतेय. तुमचा एक छान फोटो काढूया ना. नव्या रंगाच्या भिंतीला टेकून उभे राहा."

मॅनेजरांनी कॉलर नीट केली. केसांवरून हात फिरवला. चार पावलं टाकली, दोरीशी आले आणि भिंतीकडे पाहून थांबले. मामाला अडवायची वेळच आली नाही.

"इथूनच काढा. इथे उजेड चांगला आहे."

"उजेड तिकडे जास्त चांगला आहे," डुलकी म्हणाली.

"ऊन लागतं हो तिकडे."

"तिथे तर सावली आहे," शेपूट म्हणाला.

मॅनेजर जागचे हलले नाहीत. मग कडेवर ठमी नावाची गुबगुबीत पोर घेतलेली एक बाई पुढे आली.

"तुम्ही फोटोपुरतंसुद्धा टेकायला तयार नाही," ती सावकाश म्हणाली, "आणि माझी पोर तिथे दिवसभर बसणार?"

डुलकीने कॅमेरा त्या बाईच्या हातात दिला आणि चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. तिच्याकडून तो पुढच्याकडे गेला, आणि असा सगळ्यांच्या हातांतून फिरला. शेवटी मॅनेजरांनीही पाहिला आणि ते मटकन पायरीवर बसले. तडा बुजवताना तो पूर्वीपेक्षा रुंद झालेला दिसला होता, ढीग उचलायचं मात्र उद्यावर टाकलं, असं त्यांनी कबूल केलं. इंजिनियरला त्यांनीच बोलावलं. इंजिनियरबाईंनी लांबूनच पाहिलं, वरच्या पार्किंगमधल्या गाड्या काढायला लावल्या, पाणी बंद केलं आणि दोन्ही बाजूंना कुणी फिरकायचं नाही असा हुकूम सोडला.

रविवारी दुपारी भिंत पडली. आवाज इतका मोठा झाला की डुलकीसुद्धा जागी झाली. सगळे गॅलरीत धावले. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला, आणि ती बसली तेव्हा वाळूचा हौद कुठे होता ते ओळखूच येत नव्हतं. तिथे विटा आणि चिखलाचा डोंगर होता. सुदैवाने कुणालाही ओरखडासुद्धा आला नव्हता.

"पडतानाचा फोटो मिळाला?" रेडिओने विचारलं.

"झोपले होते," डुलकी म्हणाली.

इंजिनियरबाई फोटो मागून घ्यायला वर आल्या. "आम्हाला भिंतीवर खुणा करून मोजावं लागतं," त्या म्हणाल्या. "हिने तेच काम केलं, आणि नीट केलं." रेडिओने लगेच सांगितलं की भिंतीच्या फोटोंवर तिचा पहिल्यापासूनच विश्वास होता.

"चूक माझी," मामा म्हणाला. "तू नाही म्हणालीस तेव्हा मी ऐकायला हवं होतं. माझ्यावर असं कुणी खेकसलं असतं ना, तर मी मुकाट्याने सगळे फोटो पुसून पहिल्यापासून सुरू केलं असतं."

डुलकीचे कान लाल झाले. आई कठड्याला धरून खालच्या ढिगाऱ्याकडे पाहत उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. डुलकी जवळ गेली तेव्हा ऐकू आलं. आई मुलांची नावं घेत होती, कोण कुठे बसतं त्या क्रमाने.

सोमवारी पाळणाघर उघडलं, पण फक्त आतली खोली. अंगणाच्या दाराला कुलूप होतं. ठमी आली ती तडक त्या दाराशी गेली, आणि ते उघडेना म्हणून तिने त्यावर दोन लाथा मारल्या.

"वाळू कुठाय?" तिने डुलकीच्या आईला दरडावून विचारलं.

आईने ठमीला उचललं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं, इतका वेळ धरलं, की शेवटी ठमी वैतागून ओरडली, "सोड ना मला!"