खडा कुठे ठेवायचा?

मी भिंतीवर ठेवलेला खडा घरंगळला आणि नेमका एका छत्रीवाल्याच्या बुटावर पडला.

"अहो, जरा जपून!"

"मला काय सांगता? भिंतीला सांगा."

"भिंत माझीच आहे," तो ओशाळला. "म्हणजे... मीच आखलीय."

बर्लिनमधल्या आमच्या चौकात नाझींनी मारलेल्या ज्यूंचं स्मारक व्हायचं होतं. लोकांनी आधी पाहावी म्हणून नमुन्याची एक भिंत उभी केली होती. नाव नाही, चेहरा नाही, नुसतं करडं काँक्रीट आणि वरची कड उतरती. सगळा चौक तिच्यावरून भांडत होता, मग मी कशी मागे राहणार?

"कड उतरती कशाला?"

"इथे कुणाला निवांत वाटू नये म्हणून."

"माझ्या बाबांना तसंही वाटत नाही हो. त्यांच्या बहिणीला, लेआला, कबरच नाही. आम्हा ज्यूंमध्ये कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात. तो कुठे ठेवायचा?"

लोरेन्झ – हे त्याचं नाव – खाली वाकला. त्याने खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचा हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला... आणि माझाही हलला नाही.

मग कॉफीवर कॉफी झाली. भांडण तेच, हसणं मात्र वाढत गेलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. पण घरी सांगायचं मी उद्यावर ढकलत राहिले. बाबा आधीच गरजले होते, "लेआला खडाभर जागा न देणारा माणूस माझ्या दारात नको!"

"त्या कडेचं काय केलंस रे?" मी रोज विचारायची.

"बघशीलच," एवढंच तो म्हणायचा.

उद्घाटनाला मी बाबांना हट्टाने नेलं. त्यांनी भिंत न्याहाळली, खिशातून खडा काढला. मी डोळेच मिटून घेतले. पडल्याचा आवाज... आलाच नाही.

कड उतरतीच होती, पण मधोमध ओंजळीएवढी जागा सपाट केलेली होती.

बाबांनी खड्यावर हात ठेवला. मी भीतभीत विचारलं, "चेहरा नाही म्हणून राग नाही ना आला?"

"पुतळा केला असता, तर ती भलतीच कुणीतरी झाली असती. इथे मला माझी लेआ दिसते." मग डोळे पुसत ते शेजारी उभ्या लोरेन्झकडे वळले. "काय रे, तिरक्या डोक्याच्या? शुक्रवारी जेवायला ये."

माझा जीव भांड्यात पडला.

लोरेन्झ माझ्या कानाशी वाकला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे... हेही भिंतीलाच सांगू?"

"नको," मी म्हटलं. "हे मला सांग."