दोन इंच खाली

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे, आणि भुताचा विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारा माणूस तोच होता.

मंगळवार. दुपारचे चार वाजून गेलेले. मामाचं गॅरेज, शटर सताड उघडं, आत लख्ख ऊन.

रात्र नव्हती. रात्र असती तर निदान झोपेवर ढकलता आलं असतं.

मामाचं काम एकच. गाड्या खाली बसवणं, म्हणजे त्यांची उंची कमी करणं. कोणाला मिरवायला हवी असते, कोणाला माल चढवायला. मामाचा नियमही एकच. गॅसने स्प्रिंग कापायची नाही. "कापून हवी असेल तर पुढच्या गल्लीत जा," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "तिथे कसाई बसतो."

ही पिकअप मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. अण्णांची होती. अण्णा म्हणजे मामाचे वडील, माझे आजोबा. त्यांची रोपांची नर्सरी होती, कुंड्या या गाडीतून जायच्या. गुडघे गेल्यावर त्यांनी ड्रायव्हर ठेवला, पण शेजारच्या सीटवर बसून जाणं काही सोडलं नाही.

"दोनच इंच खाली घे रे," ते म्हणायचे. "पाय पोचत नाही."

"घेतो अण्णा. पार्ट बघतोय."

दोन वर्षं मामा पार्ट बघत होता.

गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं अजून आहे.

पुढे : स्प्रिंग कापणे. (खोडलेलं.)
पुढे : आखूड स्प्रिंग. मागवणे.
मागे : स्प्रिंगचा एक पाटा काढणे. कुंड्यांचं वजन पेलणार नाही.
मागे : ॲक्सल पाट्यांच्या वर घेणे. पाच इंच बसेल. फार होतं.
मागे : कमी कमानीचे पाटे. हेच. मागवणे.
अण्णांची गाडी : नंतर.

'नंतर' दोनदा गिरवलंय.

मग अण्णा पडले. याच गाडीत चढताना, याच गॅरेजात. खुबा मोडला. अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. तीन महिन्यांत गेले.

गाडी वर्षभर कोपऱ्यात धूळ खात होती. मामा तिच्याकडे पाठ करूनच काम करायचा. एक दिवस एक बेकरीवाली आली.

"मिस्त्री, ही विकताय का? घेते मी. पण खाली बसवून द्या. ट्रे चढवताना माझी कंबर जाते."

"ताई, पार्ट मिळायला वेळ..."

"कोणाला तरी फोन लावा ना! की कबुतर पाठवायचंय?"

मामाला ती गाडी नजरेसमोर नको होती. त्याने फोन लावला. आखूड स्प्रिंग, कमी कमानीचे पाटे, त्या मापाचे शॉकॲब्सॉर्बर. दुसऱ्या दिवशी सगळं दारात.

एक फोन. दोन वर्षं, आणि एक फोन.

मंगळवारी दुपारी गाडी जॅकवरून उतरली. मामाने चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप धरला. चारही कोपरे दोन इंच खाली. सुताचाही फरक नाही.

बेकरीवाली चढली, उतरली, पुन्हा चढली.

"अगदी घराच्या पायरीसारखं झालंय हो! थांबा, ट्रे घेऊन येते."

ती गेली. मामा एकटा.

आत अण्णांचं चष्म्याचं घर राहिलं होतं. ते काढून घ्यावं म्हणून मामाने डावं दार उघडलं. पाय उचलला.

पाय पोचला नाही.

मामा स्वतःशीच हसला. पुन्हा उचलला. गुडघा पोटाला लागला, तरी बूट हवेतच.

टेप लावला. दोन इंच खाली.

पाय उचलला... पोचत नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. समोरच्या वेल्डरच्या ठिणग्या दिसत होत्या... आवाज येत नव्हता. रस्त्यावरून ट्रक गेला... आवाज नाही.

आणि ओल्या मातीचा वास.

गाडी हलली. डावीकडून, हळूच... आत कोणी बसल्यावर बसते तेवढी.

सीट रिकामी होती.

मामाचा हात आपोआप वर गेला. वर चढताना आपण आतल्या माणसाकडे हात करतो, तसा.

आतून आवाज आला. रागावलेला नाही. कामात असलेल्या माणसाचा.

"थांब जरा. माझे हात काळे आहेत."

हे वाक्य मामाचं होतं.

अण्णा पडले त्या दिवशी मामा दुसऱ्याच कोणाच्या गाडीखाली होता. कसल्याशा शर्यतवाल्याची गाडी. अण्णा पिकअपच्या दाराशी उभं राहून म्हणाले, "हात दे रे जरा."

"थांबा जरा. माझे हात काळे आहेत."

"माझे कुठे पांढरे आहेत? मातीचेच तर आहेत."

मामा गाडीखालून निघाला नाही. दोनच नट राहिले होते. मग चप्पल घसरल्याचा आवाज... आणि काहीच नाही.

हे दोघांनाच माहीत होतं. त्यातले अण्णा गेले. मामाने ते पहिल्यांदा मला सांगितलं, तेही त्या मंगळवारनंतर.

बेकरीवाली ट्रे घेऊन परत आली तेव्हा मामा तसाच उभा होता. हात वर.

"मिस्त्री, कोणाला हात देताय?"

ती गाडी घेऊन गेली. तिला आजवर काही झालेलं नाही. रोज सकाळी हॉर्न वाजवून पुढे जाते.

मामा मात्र कुठल्याच गाडीत चढू शकत नाही. रिक्षातसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, गुडघे तिशीतल्या माणसासारखे आहेत. तो दिवसभर हात धुतो. रॉकेल, साबण, पुन्हा रॉकेल. कातडी सोलवटली आहे.

परवा आई, म्हणजे त्याची बहीण, त्याच्या हातांना मलम लावायला बसली. मी तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही.

"काय हे करून घेतलंस, वेड्या," ती म्हणाली. मग मलम चोळता चोळता, "एक बरं झालं बघ. अण्णा पडले तेव्हा तू तिथे होतास. कोणीतरी हात द्यायला होतं."

मामाने हात ओढून घेतला.

मी नीट बघितलं. धुऊन धुऊन पांढराफटक पडलेला हात. नखांतही काही नाही.

आई उठली आणि बोटं पदराला पुसायला लागली. पुसून पुसून थकली.

"अगं बाई... हे काळं कशाचं लागलं?"

मलम पांढरं होतं.